आईने दार उघडलं म्हणून पोलिसांची झडती कायदेशीर ठरते का?

तुमचा प्रश्न आधी मला समजला तसा मांडतो. तुम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहता. तुम्ही बाहेर असताना रात्री साडेनऊच्या सुमारास साध्या कपड्यातले दोघे आले. "पोलीस ठाण्यातून आलोय, तुमच्या मुलाच्या मित्राविरुद्ध तक्रार आहे, जरा खोली बघायची आहे," असं ते म्हणाले. आई एकटी होती, तिने आत घेतलं. त्यांनी तुमच्या खोलीतलं कपाट उघडून पाहिलं आणि जाताना लॅपटॉप नेला. कागद काही दिला नाही. "मुलाला उद्या ठाण्यात पाठवा" एवढंच सांगून गेले. तुम्ही विचारताय: वॉरंट नव्हतं, पण आईने आत घेतलं, मग हे कायदेशीर झालं का? घरमालकाने किंवा सोसायटीने किल्ली दिली असती तर? पुढच्या वेळी दार उघडायचं की नाही?

बाकी सगळ्याच्या आधी एक काम करा. ते दोघे खरंच पोलीस होते का, याची आजच खात्री करून घ्या. ज्या ठाण्याचं नाव सांगितलं तिथे ठाणे अंमलदाराला विचारा की अमुक तारखेला अमुक वेळी आमच्या पत्त्यावर कोण आलं होतं आणि कोणत्या गुन्ह्यात. बाहेरचं पथक हद्दीत आलं असेल तर स्थानिक ठाण्यात त्याची माहिती असायला हवी. पोलीस असल्याची बतावणी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली गुन्हा आहे, त्याला किमान सहा महिने कैद आहे. ते तोतये निघाले तर संमती-झडती हा विषयच उरत नाही, सरळ गुन्हा नोंदवायचा. पुढचं सगळं ते खरे पोलीस होते असं धरून लिहितोय.

"वॉरंट होतं का?" हा प्रश्न सगळेच आधी विचारतात, पण आपल्याकडे त्याच्या उत्तराने फारसा उलगडा होत नाही. परदेशी मालिका पाहून असं वाटतं की वॉरंट नसेल तर पोलिसांना उंबरठा ओलांडता येत नाही, आणि ओलांडला तर हाती लागलेला पुरावा बाद होतो. आपल्या कायद्यात या दोन्ही गोष्टी तशा नाहीत. वॉरंटशिवाय घरात येण्याचे आणि झडती घेण्याचे बरेच अधिकार कायद्यानेच दिलेले आहेत. त्यामुळे विचारायचे प्रश्न दोन: कोणत्या गुन्ह्यात आणि कोणत्या अधिकाराने आलात, आणि जाताना मागे कोणता कागद ठेवलात. तुमच्या प्रकरणात दुसऱ्याचं उत्तर "काहीच नाही" असं आहे, आणि त्यांची बाजू तिथेच लंगडी पडते.

आता संमतीबद्दल. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. झडतीच्या तिच्या कलमांत "घरातल्या माणसाच्या संमतीने झडती" असा स्वतंत्र मार्ग कुठेच सांगितलेला नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की पोलिसांकडे अधिकार असेल तर तुमची संमती लागत नाही. अधिकार नसेल तर ते तुमच्या परवानगीवरच आत आलेले असतात, आणि परवानगी जेवढी दिली तेवढीच असते. "या, बसा" म्हणणं वेगळं, "कपाट उघडून बघा" म्हणणं वेगळं आणि "लॅपटॉप घेऊन जा" म्हणणं अगदीच वेगळं. तुमच्या आईने पहिलं केलं. दुसऱ्याला बहुधा ती गप्प राहिली असेल. तिसऱ्याला तर कोणी तिला विचारलंच नाही. पहिल्या होकारातून पुढचे दोन आपोआप निघत नाहीत. शिवाय भीतीपोटी किंवा चुकीच्या समजुतीतून दिलेली संमती, आणि समोरच्याला ते ठाऊक असेल तर, न्याय संहितेच्या कलम २८ प्रमाणे त्या संहितेपुरती संमतीच धरली जात नाही. रात्री एकटी असलेली वयस्कर बाई पोलिसांचं नाव ऐकून दारातून बाजूला झाली, यात खरा होकार किती आणि धास्ती किती, हा मुद्दा मांडण्यासारखा आहे. पण तो एकटाच प्रकरण जिंकून देईल अशी आशा धरू नका.

पोलिसांकडे अधिकार कधी असतो? यात बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे, म्हणून एकेक घेतो. (इथून पुढे ज्या कलमासोबत कायद्याचं नाव नाही, ते नागरिक सुरक्षा संहितेचं समजा.)

पहिला प्रसंग अटकेचा. ज्याला अटक करायची तो अमुक घरात आहे असं मानायला कारण असेल, तर कलम ४४ प्रमाणे त्या घरात राहणाऱ्याने मागणी होताच पोलिसांना आत येऊ द्यायचं असतं. घर त्या आरोपीचंच असायला हवं असं नाही. आत घेतलं नाही, तर आपण कोण आणि कशासाठी आलो हे सांगून, प्रवेश मागून, मग दार किंवा खिडकी तोडण्याची मुभाही त्याच कलमात आहे. मात्र हा अधिकार माणूस शोधण्याचा आहे. कपाटाच्या ड्रॉवरमध्ये माणूस मावत नाही, त्यामुळे "आरोपीला शोधतोय" म्हणून आलेल्यांनी ड्रॉवर उघडले तर त्यासाठी दुसरा अधिकार दाखवावा लागतो.

दुसरा प्रसंग वॉरंटचा. न्यायालयाने कलम ९६ किंवा ९७ खाली झडतीचं वॉरंट काढलं असेल तर कलम १०३ प्रमाणे ते दाखवल्यावर दार उघडावंच लागतं. वॉरंट हातात घेऊन वाचा. पत्ता तुमचाच आहे का, कोणती जागा आणि कोणती वस्तू लिहिली आहे, न्यायालयाचा शिक्का आणि सही आहे का. वाचायला दोन मिनिटं मागण्यात अडवणूक होत नाही.

तिसरा प्रसंग सर्वांत जास्त येतो आणि तुमचंही प्रकरण त्यातच बसवण्याचा प्रयत्न होईल: कलम १८५, म्हणजे जुन्या संहितेचं १६५. तपास चालू असताना, हवी ती वस्तू अमुक जागी मिळेल आणि वॉरंट आणण्यात अवाजवी उशीर होईल असं मानायला सबळ कारण असेल, तर ठाण्याचा प्रभारी किंवा तपासी अंमलदार वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो. पण त्याला अटी आहेत, आणि त्या नुसत्या शोभेच्या नाहीत. आपल्या समजुतीची कारणं आणि कोणती वस्तू शोधायची आहे हे त्याने आधी केस डायरीत लेखी नोंदवायचं. शक्यतो स्वतः यायचं. हाताखालच्याला पाठवायचं असेल तर त्याची कारणं नोंदवून, जागा आणि वस्तू लिहून लेखी आदेश द्यायचा. झडतीचं ध्वनिचित्रमुद्रण करायचं. आणि त्या नोंदींच्या प्रती ताबडतोब, फार तर ४८ तासांत, जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे पाठवायच्या. घरात राहणाऱ्याने अर्ज केला तर दंडाधिकाऱ्याने ती प्रत त्याला विनामूल्य द्यायची असते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, तुम्हाला ते वापरायचं आहे.

इथे एक बारकावा अनेकांच्या, कधी कधी पोलिसांच्याही, नजरेतून सुटतो. कलम १८५ साठी "तपास" चालू असावा लागतो. नुसता तक्रार अर्ज आला आहे आणि त्याची चौकशी चालू आहे, तेवढ्यावर हे कलम लागत नाही. प्रकरण अदखलपात्र, म्हणजे किरकोळ गुन्ह्याचं असेल, ज्याला सगळे "एनसी" म्हणतात, तर कलम १७४ प्रमाणे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपासच करता येत नाही, मग झडती कुठून येणार? तीन वर्षं ते सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत गुन्हा नोंदवण्याआधी १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची सोय कलम १७३ मध्ये आहे. माझ्या मते त्या टप्प्यावरही झडतीचा अधिकार नाही, कारण तपास अजून सुरूच झालेला नसतो. म्हणून "मित्राविरुद्ध तक्रार आहे" हे उत्तर पुरेसं नाही. गुन्हा रजिस्टर नंबर काय, कलमं कोणती, हे विचारायचं. नंबर सांगता आला तर तपास आहे. नाही सांगता आला तर बहुतेक वेळा फक्त अर्ज आहे आणि पाहुणे तुमच्या परवानगीवर आत आहेत.

पथक दुसऱ्या ठाण्याचं असेल तर कलम १८६ लागतं. साधारणपणे स्थानिक ठाण्यामार्फत झडती व्हावी. तेवढ्या उशिरात पुरावा लपवला किंवा नष्ट केला जाईल असं वाटलं तर बाहेरचा अधिकारी स्वतः झडती घेऊ शकतो, पण त्याने स्थानिक ठाण्याला तशी सूचना आणि यादीची प्रत पाठवावी लागते. शहरांत गुन्हे शाखेची आणि बाहेरच्या जिल्ह्यांची पथकं सारखी फिरत असतात, त्यामुळे "स्थानिक ठाण्याला कळवलंय का?" हा प्रश्न अगदी रास्त आहे.

विशेष कायद्यांचे नियम वेगळे. अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ४२ प्रमाणे अधिकार दिलेले अधिकारी सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात वॉरंटशिवाय येऊ शकतात, आणि सूर्यास्तानंतर यायचं तर वॉरंट घेत बसलं तर पुरावा हातचा जाईल याची कारणं नोंदवून. ती नोंद ७२ तासांत वरिष्ठाकडे जावी लागते, आणि हे अजिबातच केलं नाही तर खटल्यावर गंभीर परिणाम होतो. पण सर्वसाधारण संहितेत "रात्री झडती घेता येत नाही" असा नियम नाही. लोक ज्या नियमाशी गल्लत करतात तो स्त्रीच्या अटकेचा आहे: सूर्यास्त ते सूर्योदय स्त्रीला अटक करायची नाही, अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल करून प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यायची. त्यामुळे तुमच्याकडे ते साडेनऊला आले, एवढ्यानेच काही बेकायदा ठरत नाही.

आतून कोणी वाचवा म्हणून ओरडतंय, मारहाण चालली आहे, अशा वेळी पोलीस दारात कागद दाखवत थांबणार नाहीत आणि थांबूही नये. दखलपात्र गुन्हा रोखण्यासाठी मध्ये पडण्याचा अधिकार त्यांना कलम १६८ ने दिला आहे. उलट पासपोर्टची पडताळणी, भाडेकरूची माहिती, शेजाऱ्याने केलेली आवाजाची तक्रार, यातल्या कशानेही घराची झडती घेण्याचा अधिकार मिळत नाही. ही कामं दारात उभं राहून होतात. नावावर जुने गुन्हे आहेत म्हणून रात्री-अपरात्री घरी येऊन खात्री करण्याची जी पद्धत होती, ती सर्वोच्च न्यायालयाने खरक सिंग प्रकरणात १९६२ सालीच घटनाबाह्य ठरवली. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्कच झाला आहे.

आता मनाला न पटणारी गोष्ट सांगतो. झडती बेकायदा होती असं सिद्ध झालं तरी त्यात सापडलेली वस्तू पुरावा म्हणून आपोआप बाद होत नाही. १९७४ च्या पूरणमल निकालापासून आपल्या न्यायालयांची भूमिका अशी आहे की पुरावा संबंधित असेल तर तो कसा मिळवला यावरून तो सहसा नाकारायचा नाही. त्याआधी १९६३ च्या राधाकिशन प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की झडतीचे नियम मोडले तर घरातल्या माणसाला विरोध करता येतो आणि न्यायालय पुराव्याकडे अधिक काटेकोरपणे पाहू शकतं, पण जप्ती त्यामुळे रद्द होत नाही. म्हणून मी नेहमी सांगतो की दारात जिंकण्यावर ताकद घालवू नका, ती पंचनाम्यावर घाला. वस्तू कुठे सापडली, कोणासमोर, किती वाजता, कशा स्थितीत सील केली, हे कागदावर नीट आलं असेल तर पुढे कोणी काही घुसडू शकत नाही. आणि नीट आलं नसेल, तर उलटतपासणीत त्यांना धरायला तीच जागा असते.

दारात नेमकं काय करायचं? साखळी किंवा सुरक्षा दार लावूनच बोला. नाव, हुद्दा, ठाणं विचारा, ओळखपत्र पाहा, गणवेशात असतील तर छातीवरची नावपट्टी आणि बकल नंबर टिपून घ्या. शंका असेल तर "मी ११२ वर खात्री करून घेतो" असं सांगून तिथूनच फोन लावा. खरा पोलीस याने चिडला तरी थांबतो. (व्हिडिओ कॉलवरून "झडती" घेणारा किंवा "अटक" करणारा कोणीही पोलीस नसतो, फोन ठेवून द्या.) मग शांतपणे एवढंच बोला: "साहेब, मी अडवत नाही. पण माझी संमती नाही. कोणत्या गुन्ह्यात आणि कोणत्या कलमाखाली झडती आहे ते सांगा, आणि पंच बोलवा." या बोलण्यात अडथळा नाही आणि होकारही नाही. ते अधिकाराने आले असतील तर आत येतीलच, आणि नसतील तर बहुतेक जण "ठीक आहे, मुलाला पाठवा" म्हणून परत जातात. आईला हे पाठ करून ठेवायला सांगा. घाबरलेल्या माणसाला लांब वाक्य आठवत नाही, तेव्हा तिच्यासाठी "मुलगा येऊ द्या, त्याला फोन करते, तोवर बाहेर थांबा" एवढंही चालेल.

अंगाने अडवायचं मात्र नाही. दार ढकलणं, हात धरणं, मोबाईल हिसकावणं यातलं काहीही केलंत की तुमची बाजू क्षणात उलटते. सरकारी कामात अडथळा म्हणून न्याय संहितेचं कलम २२१, आणि धक्काबुक्की झाली तर तिचंच कलम १३२, जे बरंच जड आहे. राधाकिशन निकालात विरोधाचा हक्क आहे हे खरं, पण झडती बेकायदा होती की नव्हती हे दारात उभं राहून ठरत नाही, ते वर्षा-दोन वर्षांनी न्यायालयात ठरतं, आणि तोवर गुन्हा तुमच्यावर चालू असतो.

झडती सुरू झालीच तर पुढची माहिती कामाची आहे. कलम १०३ प्रमाणे परिसरातले किमान दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून आधी बोलवायचे असतात. झडती त्यांच्यासमोर व्हायला हवी, नंतर त्यांची सही आणणं चालत नाही. इमारतीतलं कोणी तयार नसेल तर दुसऱ्या भागातले पंच चालतात, म्हणून पोलीस सोबत पंच घेऊन आले एवढ्यावरून ओरड करू नका, पण त्यांची नावं, पत्ते आणि व्यवसाय लिहून घ्या. शेजाऱ्यांना भीती वाटते की पंच झालं की कोर्टाच्या खेपा सुरू. वास्तविक न्यायालयाने खास समन्स काढल्याशिवाय पंचाला हजर राहावं लागत नाही. तुमच्या ओळखीचा, डोळे उघडे ठेवणारा शेजारी पंच झाला तर त्याचा फायदा तुम्हालाच आहे.

झडती सुरू करण्याआधी पोलिसांनी आणि पंचांनी स्वतःची अंगझडती घरातल्या माणसाला घेऊ देण्याची चांगली पद्धत आहे. पंचनाम्यात बहुधा तसं वाक्य छापील असतंच. ते वाक्य कागदावर येणार असेल तर कृतीही होऊ द्या: खिसे, पिशवी, जाकीट दाखवायला सांगा. घरातल्या एका माणसाला प्रत्येक वेळी झडतीत हजर राहण्याचा हक्क आहे, तो सोडू नका. एका वेळी एकच खोली, आणि तुमच्यापैकी एकजण त्या खोलीत, असा आग्रह धरा. चार जण चार खोल्यांत पांगले की काय कुठून निघालं हे कोणालाच सांगता येत नाही. स्त्रीच्या अंगाची झडती फक्त स्त्रीनेच, सभ्यता राखून घ्यायची.

चित्रीकरण हा नव्या संहितेने दिलेला मोठा आधार आहे. कलम १०५ प्रमाणे झडती, जप्ती, यादी करणं आणि यादीवर पंचांच्या सह्या हे सगळं मुद्रित करायचं आहे, शक्यतो मोबाईलवर, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं आहे. त्यासाठी पोलिसांकडे ई-साक्ष्य नावाचं ॲपही आहे. "साहेब, रेकॉर्डिंग सुरू केलं का?" हे सुरुवातीलाच, सगळ्यांना ऐकू येईल असं विचारा. मध्येच बंद झालं तर किती वाजता बंद झालं ते टिपा.

पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ, प्रत्येक वस्तू कोणत्या खोलीत आणि नेमकी कुठे मिळाली, कोरी राहिलेली जागा तिरपी रेघ मारून बंद केली का, खाडाखोडीवर आद्याक्षरं आहेत का, हे पाहा. कोऱ्या कागदावर सही कधीच नाही. मजकुराशी सहमत नसाल तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: "झडतीस माझी संमती नव्हती", "अमुक वस्तू माझ्यासमोर मिळाली नाही". जबाब ही वेगळी गोष्ट आहे. तपासात पोलिसांना दिलेल्या जबाबावर सही करायची नसते, असं कलम १८१ स्पष्ट सांगतं. पंचांच्या सहीची यादीची प्रत घरात राहणाऱ्याला द्यायलाच हवी, ती हातात येईपर्यंत मागत राहा. मिळाली नाही तर तेही लिहून ठेवा.

लॅपटॉप किंवा फोन नेत असतील तर "एक काळा लॅपटॉप" एवढं लिहून चालत नाही. कंपनी, मॉडेल, मागच्या बाजूचा सीरियल नंबर, फोनचा आयएमईआय, चालू होता की बंद, चार्जर नेला का, हे सगळं यावं. लॅपटॉप पाकिटात किंवा पिशवीत घालून, पंचांच्या सह्यांची लेबलं लावून तुमच्यासमोर सील करायला सांगा. इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य, म्हणजे फाइलींवरून संगणकाने काढलेला अंक-अक्षरांचा ठसा, लिहावं लागतं. फाइलींतलं एक अक्षर बदललं तरी हे मूल्य बदलतं. ते जप्तीच्या वेळीच काढलं असेल तर मधल्या काळात काही घातलं-काढलं का हे तपासता येतं. सील नसलेला, हॅश नसलेला लॅपटॉप ठाण्याच्या टेबलावर चार दिवस पडून राहिला, तर त्यातल्या मजकुराच्या विश्वासार्हतेवर बचाव पक्ष सरळ बोट ठेवू शकतो. पासवर्ड सांगायची सक्ती करता येते का, यावर न्यायालयांची मतं अजून एकसारखी नाहीत, कारण घटनेच्या कलम २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. वकिलाशी बोलल्याशिवाय तो देऊ नका, आणि "नाही" म्हणायचं ते भांडून म्हणू नका.

घरमालक, सेक्रेटरी आणि वॉचमन यांचं काय? संहिता "तिथे राहणारा किंवा जागा ज्याच्या ताब्यात आहे तो" असं म्हणते. भाड्याचा फ्लॅट तुमच्या ताब्यात आहे, त्यामुळे घरमालकाकडे दुसरी किल्ली असली तरी तुमच्या वतीने "बघा" म्हणण्याचा अधिकार त्याच्याकडे येत नाही. सोसायटीचा सेक्रेटरी गेट उघडू शकतो, जिना आणि पार्किंग दाखवू शकतो, तुमचं दार नाही. आई त्याच घरात राहते, त्यामुळे तिने आत घेणं हे चोरपावलांनी शिरण्यासारखं नाही, तिचा होकार हॉल-स्वयंपाकघरापुरता नक्की चालतो. तुमची स्वतंत्र खोली आणि कपाट याबद्दल वाद घालता येतो. पेइंग गेस्ट आणि वसतिगृहांत प्रश्न अवघड होतो, कारण तिथे जागेचा ताबा व्यवस्थापनाकडेही असतो, आणि करारात काय लिहिलंय त्यावर बरंच अवलंबून राहतं. अर्थात कलम १८५ ची झडती असेल तर यांतल्या कोणाच्याच होकाराची गरज नाही. घर बंद असलं तरी पंचांसमोर कुलूप तोडून झडती होऊ शकते.

आता तुमचा लॅपटॉप. "उद्या पाठवा" हा तोंडी निरोप म्हणजे नोटीस नाही. साक्षीदार म्हणून बोलवायचं तर कलम १७९ खाली लेखी आदेश लागतो, संशयित म्हणून बोलवायचं तर कलम ३५(३) ची नोटीस. आईला तर स्त्री म्हणून साक्षीसाठी घराबाहेर बोलावताच येत नाही, तिची स्वतःची तयारी असल्याशिवाय. तरीही ठाण्यात जा, वकील किंवा कोणी जाणता माणूस सोबत घेऊन, आणि हातात दोन प्रतींत अर्ज घेऊन जा. अर्जात तारीख, वेळ, आलेल्यांचं वर्णन, नेलेल्या लॅपटॉपचा सीरियल नंबर लिहा (खरेदीच्या बिलावर किंवा खोक्यावर मिळेल) आणि तीनच गोष्टी मागा: गुन्हा रजिस्टर नंबर, जप्ती पंचनाम्याची प्रत, आणि जप्ती कोणत्या कलमाखाली झाली त्याची माहिती. एका प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज टपालाने आणि ईमेलने पाठवा. गुन्हा नोंदला असेल तर एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावरही पाहा. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे संवेदनशील प्रकरणं सोडून तो साधारणपणे २४ तासांत तिथे यायला हवा.

गुन्हा आहे असं निघालं तर दोन अर्ज दंडाधिकाऱ्याकडे करायचे. एक कलम १८५ खालच्या नोंदींची प्रत मिळावी म्हणून. ती नोंद तिथे पोहोचलेलीच नसेल, तर झडतीनंतर कागद रंगवले गेले का हा प्रश्न तुमच्या बाजूने उभा राहतो. दुसरा अर्ज लॅपटॉप सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागितला की हजर करण्याची हमी देऊन, परत मिळावा म्हणून, कलम ४९७ किंवा ५०३ खाली. जप्तीची खबर न्यायालयात गेली आहे की नाही तेही तिथेच कळतं, कारण कलम १०६ प्रमाणे ती लगेच द्यावी लागते. सुंदरभाई अंबालाल देसाई या २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की मुद्देमाल गरजेपेक्षा जास्त काळ ठाण्यात पाडून ठेवू नये, फोटो आणि पंचनामा करून, बंधपत्र घेऊन परत द्यावा. लॅपटॉपच्या बाबतीत तपास यंत्रणा न्यायवैद्यक प्रत घेईपर्यंत थांबायला सांगेल. तेव्हा निदान कामाच्या फाइलींची प्रत देण्याची विनंती त्याच अर्जात घाला.

गुन्हाच नाही, फक्त तक्रार अर्ज आहे असं निघालं, तर जप्तीला आधार शोधणं त्यांनाच कठीण जाईल. अशा वेळी पोलीस उपायुक्त किंवा अधीक्षकांकडे लेखी तक्रार, तिथे दाद नाही मिळाली तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण, आणि प्रकरण तेवढं गंभीर असेल तर उच्च न्यायालयात याचिका. तपासाच्या पद्धतीबद्दलचा कायद्याचा आदेश जाणूनबुजून मोडणाऱ्या लोकसेवकासाठी न्याय संहितेत कलम १९९ आहे, पण त्याची सुरुवात धमकी म्हणून करू नका. आधी अर्ज, मग वरिष्ठ, मग न्यायालय, या क्रमाने गेलात तर प्रत्येक टप्प्यावर तुमच्या हातात तारखेचा कागद असेल.

आणि हे आजच करा: सोसायटीच्या सीसीटीव्हीत त्या रात्रीचं गेट, लिफ्ट आणि तुमच्या मजल्याचं चित्रण असेल, त्याची प्रत काढून घ्या. त्या यंत्रात जुन्यावर नवीन चढत जातं आणि काही दिवसांनी ते पुसलं जातं. गेटवरच्या वहीतल्या त्या पानाचा फोटो घ्या. आईला काय आठवतंय ते तिच्याच शब्दांत, वेळेसकट, आज लिहून काढा, आणि खाली तारीख घालून तिची सही घ्या.